कोरियन पारंपरिक वैद्यकाचा दूरस्थ सल्ला : कामात व्यग्र असणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोल, सुवन, उल्सान, देजॉन अशा शहरांत नोकरी, संशोधन किंवा शिक्षणासाठी राहणारी मराठी मंडळी पारंपरिक कोरियन वैद्यकाबद्दल, आणि विशेषतः त्याच्या फोनवरील किंवा व्हिडिओ कॉलवरील तपासणीबद्दल, जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याची माहिती दक्षिण कोरियाची आहे. भारतातून विचारणाऱ्यांनी प्रश्न १५ आणि १६ आधी वाचावेत.

१. कोरियन पारंपरिक वैद्यक म्हणजे नेमके काय? ते देणारे लोक डॉक्टर असतात का?

या वैद्यकाला कोरियात हानुईहाक म्हणतात. त्याची मुळे चिनी वैद्यकाशी जोडलेली असली तरी त्याला स्वतःची परंपरा आहे. राजवैद्य हो जुन यांनी १६१० मध्ये पूर्ण केलेला आणि १६१३ मध्ये छापला गेलेला ‘तोंगुई पोगाम’ हा पंचवीस खंडांचा ग्रंथ त्या परंपरेचा कणा मानला जातो. २००९ मध्ये युनेस्कोने त्याचा ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश केला. १९५१ च्या कायद्याने आधुनिक वैद्यक आणि पारंपरिक वैद्यक या दोन्हींना स्वतंत्र परवान्यांसह मान्यता मिळाली आणि ती व्यवस्था आजही चालू आहे.

पारंपरिक वैद्यकाच्या डॉक्टरांना हानुईसा म्हणतात. सहसा सहा वर्षांचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम आणि त्यानंतर राष्ट्रीय परवाना परीक्षा, असा त्यांचा मार्ग असतो. ते ॲक्युपंक्चर, मॉक्सा (जळत्या वनौषधीचा शेक), कपिंग (त्वचेवर पेले चिकटवून ती ओढणे), हाडांची हाताने केली जाणारी ‘चुना’ ही चिकित्सा आणि वनौषधी देतात. आधुनिक औषधांची चिठ्ठी ते लिहीत नाहीत. त्यामुळे रक्तदाबाची किंवा मधुमेहाची नेहमीची गोळी त्यांच्याकडून मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

२. व्हिडिओ कॉलवर अशी तपासणी करून घेणे कायदेशीर आहे का?

आहे, पण नियमांच्या चौकटीत. कोरियाचा वैद्यकीय सेवा कायदा पूर्वी केवळ डॉक्टर आणि डॉक्टर यांच्यातील दूरस्थ सल्ल्याला परवानगी देत असे. कोविडच्या साथीत, २४ फेब्रुवारी २०२० पासून, रुग्णांना फोनवर तपासण्याची तात्पुरती मुभा मिळाली. १ जून २०२३ पासून तिची जागा प्रायोगिक योजनेने घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये आणि पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये, डॉक्टरांच्या सामूहिक राजीनाम्यांच्या काळात, योजनेची व्याप्ती वाढली. डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय सभेने कायद्यातच दुरुस्ती मंजूर केली. तिचा अंमल एका वर्षाने सुरू व्हावयाचा असून तिचा भर छोट्या दवाखान्यांवर आणि आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णांवर आहे.

या सगळ्या बदलांत काही गोष्टी कायम राहिल्या आहेत. डॉक्टर आपल्या दवाखान्यात बसलेले असले पाहिजेत. तपासणी व्हिडिओवर व्हावी आणि व्हिडिओ शक्य नसेल तरच आवाजी कॉल चालतो. केवळ मेसेजच्या देवाणघेवाणीवर औषध देणे ही तपासणी मानली जात नाही. चॅटमध्ये चार प्रश्न विचारून कोणी काढा विकत असेल, तर तो या योजनेचा भाग नाही, असे खुशाल समजावे.

३. नाडी न बघता निदान कसे काय होते?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत योग्य प्रश्न हाच आहे. हानुईसा चार मार्गांनी तपासतात: पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे आणि स्पर्श करणे. दोन्ही मनगटांवर प्रत्येकी तीन ठिकाणी तीन बोटे ठेवून, आधी हलका आणि मग खोल दाब देत नाडी पाहिली जाते. पचनाच्या तक्रारीत पोटही हाताने तपासले जाते: कुठे ताण आहे, कुठे दाबल्यावर दुखते, कुठे गारवा लागतो. व्हिडिओवर यातला स्पर्श पूर्णपणे गळतो, वासही गळतो आणि चेहऱ्याचा रंग कॅमेऱ्याच्या भरवशावर राहतो.

उरते ते विचारणे, आणि दूरस्थ तपासणीचा दर्जा त्यावरच ठरतो. थंडी वाजते की उष्मा होतो, घाम कधी आणि कुठे येतो, तहान लागल्यावर गार पाणी हवेसे वाटते की कोमट, शौच कसे होते, झोप लागायला त्रास होतो की मध्येच जाग येते, मासिक पाळीच्या दिवसांत काय बदलते, जेवणानंतर सुस्ती येते का, असे प्रश्न डॉक्टरांनी चिकाटीने विचारले पाहिजेत. दोन-तीन मिनिटांत तक्रार ऐकून लगेच पंधरा दिवसांच्या काढ्याची किंमत सांगितली जात असेल, तर त्या सल्ल्याला माझ्या मते काही अर्थ नाही.

मनगटावरच्या स्मार्ट घड्याळातले आकडे नाडीपरीक्षेच्या जागी चालतील का, असेही अनेक जण विचारतात. चालणार नाहीत. घड्याळ ठोक्यांची गती आणि काही अंशी नियमितता दाखवते. नाडी वर लागते की खोल, रुंद आहे की बारीक, ताणलेली आहे की सैल, हे त्याला कळत नाही. झोपेची आणि हृदयगतीची नोंद मात्र डॉक्टरांना जरूर दाखवावी, कारण झोपेबद्दल आपण तोंडी जे सांगतो त्याहून ती अधिक भरवशाची असते.

४. जिभेचा फोटो मागतात. तो कसा काढावा?

शक्यतो सकाळी, काही खाण्यापिण्यापूर्वी, खिडकीजवळ दिवसाउजेडी काढावा. पिवळ्या बल्बखाली पांढरा थर पिवळा दिसतो. फोनमधला चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर बंद करावा. जीभ ताण न देता बाहेर काढावी आणि काही सेकंदांतच आत घ्यावी, कारण बराच वेळ बाहेर ठेवलेल्या जिभेचा रंग गडद होतो. एक फोटो समोरून, एक किंचित बाजूने आणि एक जिभेच्या खालच्या शिरांचा, असे तीन पुरतात.

मराठी घरांसाठी दोन खास सूचना आहेत. रोज सकाळी जीभ घासणीने साफ करण्याची आपली सवय चांगली असली तरी त्या दिवशी फोटो होईपर्यंत जीभ घासू नये, कारण डॉक्टरांना जो थर पाहायचा असतो तोच निघून जातो. दुसरी सूचना हळदीची आहे. आदल्या रात्रीची आमटी किंवा पिवळी बटाट्याची भाजी जिभेवर पिवळसर छटा ठेवते. या वैद्यकात पिवळा थर हे शरीरातील उष्णतेचे लक्षण मानतात, आणि कोरियन डॉक्टर हळदीचा हिशेब मनात धरतीलच असे नाही. कॉफीने जीभ तपकिरी होते, तर पोटासाठी घेतलेल्या बिस्मथच्या औषधाने काळी पडू शकते. असे काही घेतले असल्यास फोटोसोबत तसे लिहून पाठवावे.

५. तपासणीच्या वेळी जवळ काय ठेवावे?

परदेशी नागरिक नोंदणी कार्ड सर्वांत आधी. मे २०२४ पासून विम्यावर उपचार घेताना ओळख पटवणे दवाखान्यांना बंधनकारक आहे. चालू असलेल्या सर्व औषधांच्या पाकिटांचे फोटो, अलीकडचे रक्ततपासणीचे अहवाल, घरी मोजलेला रक्तदाब आणि शरीराचे तापमान हेही हाताशी असावे. कॉल ऑफिसच्या मीटिंग रूममधून घेण्यास हरकत नाही, मात्र शौच, पाळी, घाम यांबद्दल मोकळेपणाने बोलता येईल इतका एकांत हवा. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभे राहून दिलेल्या उत्तरांत नेमके हेच विषय टाळले जातात.

६. मला दवाखान्यात जायला वेळच नाही. पहिली तपासणीही व्हिडिओवर केली तर काय बिघडेल?

नियमांप्रमाणे काही परिस्थितींत ते शक्य असते. तरीही माझा आग्रह असा आहे की पहिली भेट प्रत्यक्षच घ्यावी. एकदा नाडी, पोट आणि जीभ समोर पाहिलेली असली की पुढच्या व्हिडिओ तपासण्यांत डॉक्टरांकडे तुलनेसाठी काहीतरी असते. अन्यथा पहिलाच काढा अंदाजाने दिला जातो, तो लागू पडला नाही तर दुसरा अंदाज केला जातो, आणि वाचवलेला वेळ त्यातच जातो.

वेळ काढणे वाटते तितके अवघडही नसते. कोरियातील अनेक हानुईवॉन, म्हणजे या वैद्यकाचे छोटे दवाखाने, आठवड्यातून एक-दोन दिवस रात्री आठ-नऊपर्यंत उघडे असतात आणि शनिवारी दुपारपर्यंतही चालतात. भुयारी रेल्वेच्या स्थानकांजवळ ते मोठ्या संख्येने आढळतात. मान किंवा कंबर आखडल्याच्या तक्रारीत नेहमीची भेट अशी असते: तापलेल्या पलंगावर शेक, मग सुया, त्यांवर लाल दिव्याची ऊब, गरज वाटल्यास कपिंग. हे सगळे तासाभराच्या आत आटोपते. घराजवळचा दवाखाना शोधण्यापेक्षा कार्यालयाजवळचा शोधावा, कारण तिथे जाणे खरोखर घडते.

७. फोनवर बोलल्यानंतर काढा कुरियरने घरी येतो का?

प्रत्यक्ष तपासणीनंतर दवाखाना काढा उकळून, पाकिटांत भरून कुरियरने पाठवतो ही कोरियात अगदी रुळलेली पद्धत आहे. न तपासता, केवळ फोनवर विचारपूस करून पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे. एका हानुईसाने फोनवर बोलून काढा लिहून दिला आणि कुरियरने पाठवला, त्या प्रकरणात कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये निर्णय दिला की, विशेष परिस्थिती नसताना दूर असलेल्या रुग्णावर फोनद्वारे उपचार करणे वैद्यकीय सेवा कायद्याचा भंग ठरते. प्रश्न २ मध्ये सांगितलेली योजना हा त्या नियमाला काढलेला मार्ग आहे. तो मार्ग सर्वांसाठी सताड उघडा नाही.

म्हणून दूरस्थ तपासणीनंतर काढा घरी येईल की तो स्वतः जाऊन घ्यावा लागेल, हे वेळ ठरवतानाच विचारावे, कारण औषध हाती देण्याचे नियम तपासणीच्या नियमांपेक्षा कडक ठेवलेले आहेत. पाकिटे आल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवावीत आणि पिताना गरम पाण्यात बुडवून कोमट करावीत. पाकीट फुगलेले असेल तर ते पिऊ नये.

८. खर्च किती येतो? राष्ट्रीय आरोग्य विमा चालतो का?

विमा चालतो, पण सगळ्याला नाही. ॲक्युपंक्चर, कपिंग आणि ठरावीक मिश्रणांच्या तयार पुड्या १९८७ पासून विम्याच्या कक्षेत आहेत, तर चुना चिकित्सा एप्रिल २०१९ पासून आली. छोट्या दवाखान्यात रुग्णाचा वाटा साधारण ३० टक्के असतो. दूरस्थ तपासणीच्या शुल्कावर प्रायोगिक योजनेत सुमारे ३० टक्के व्यवस्थापन शुल्क चढते, म्हणजे ती प्रत्यक्ष तपासणीपेक्षा किंचित महाग पडते.

खरा खर्च व्यक्तीनुसार उकळलेल्या काढ्याचा असतो. तो बहुतांशी विम्याबाहेर आहे आणि दर दवाखान्यागणिक वेगळे असतात. पंधरा दिवसांचा काढा काही लाख वॉनपर्यंत जातो. अपवाद म्हणून सहा तक्रारींसाठी प्रायोगिक विमा आहे: चेहऱ्याचा लकवा, मासिक पाळीतील वेदना, पक्षाघातानंतरचे त्रास, कंबरेच्या मणक्यातील चकती सरकणे, ॲलर्जीमुळे होणारी सर्दी आणि अपचन. पहिल्या गटाची सुरुवात नोव्हेंबर २०२० मध्ये झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये यादी वाढली. वर्षातून दोन आजारांसाठी प्रत्येकी वीस दिवसांपर्यंत लाभ मिळतो. योजनेत सहभागी नसलेल्या दवाखान्यात तो मिळत नाही, म्हणून आधी विचारून घ्यावे. बैठ्या कामाच्या लोकांच्या, मणक्यातील चकती सरकल्याने होणारी कंबरदुखी आणि अपचन या दोन तक्रारी या यादीत आल्या आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

९. मी शाकाहारी आहे. काढ्यात प्राणिज पदार्थ असतात का?

असू शकतात, आणि न विचारता कोणी सांगेलच असे नाही. हरणाचे कोवळे शिंग हे थकव्यावरच्या महागड्या काढ्यांतील प्रसिद्ध द्रव्य आहे. गाढवाच्या कातड्यापासून केलेला सरस रक्तवर्धक म्हणून वापरतात. रातकिड्यासारख्या कीटकाची कात, शिंपल्याचे चूर्ण हेही येते. गोळ्या बांधण्यासाठी मध वापरतात, त्यामुळे मध न खाणाऱ्या जैन वाचकांनी त्याचाही उल्लेख करावा. ‘मांसाहार करत नाही’ एवढे सांगणे पुरत नाही, कारण ऐकणारा त्याचा अर्थ जेवणापुरता घेतो. औषधातही प्राणिज काही नको, असे लेखी कळवावे आणि द्रव्यांची यादी मागावी. पर्यायी वनस्पती बहुतेक वेळा उपलब्ध असतात.

१०. घरून आणलेली आयुर्वेदिक औषधे चालू आहेत. दोन्ही एकत्र घेतली तर?

डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत. सर्वांत मोठी अडचण ज्येष्ठमधाची आहे. कोरियन काढ्यांत सर्रास पडणारे कामछो आणि आपले ज्येष्ठमध एकाच कुळातले. सर्दी-खोकल्यासाठी घरचा ज्येष्ठमधाचा काढा आणि वर कोरियन काढा असे दोन्ही चालू राहिले, तर मात्रा नकळत वाढते. त्याने शरीरात पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर जिनसेंग आणि तांगग्वी (काढ्यांत वापरले जाणारे एक मूळ) यांबाबत विशेष सावध राहावे, कारण दोन्ही त्या गोळीच्या परिणामात ढवळाढवळ करू शकतात. पारा किंवा इतर धातू असलेली रसौषधे घेत असल्यास तेही लपवू नये. औषधांची नावे मराठीत सांगून उपयोग होत नाही. वनस्पतीचे शास्त्रीय नाव द्यावे किंवा डबीवरील इंग्रजी मजकुराचा फोटो पाठवावा. आधुनिक औषध कोरियन काढा सुरू केल्यामुळे स्वतःहून बंद करणे सर्वांत घातक आहे, आणि दूरस्थ सल्ल्यात ते कोणाच्या लक्षात येत नाही.

११. वजन कमी करणारा काढा घरबसल्या मागवता येतो, अशा जाहिराती दिसतात. घ्यावा का?

प्रत्यक्ष तपासणीशिवाय घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. या काढ्यांत बहुधा माह्वांग असते, म्हणजे इफेड्रा. त्यातील इफेड्रीन भूक मारते, पण हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवते, झोप उडवते, हात थरथरवते. इफेड्रा असलेल्या पूरक आहारावर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली. कोरियात हानुईसा ते लिहून देऊ शकतात, मात्र रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइडचा अतिरेक, काचबिंदू किंवा नैराश्यावरील काही गोळ्या असतील तर ते टाळायला हवे. रात्री उशिरापर्यंत काम करून दिवसभर कॉफी पिणाऱ्या माणसाच्या शरीरात आधीच उत्तेजकांची गर्दी असते, त्यात ही भर कशाला?

१२. कोणत्या तक्रारींसाठी दूरस्थ सल्ला अजिबात घेऊ नये?

छातीत दुखणे, श्वास लागणे, अचानक बोबडे बोलणे, हातपाय लुळा पडणे, रक्ताची उलटी, तापासह मान आखडणे, गरोदरपणातील रक्तस्राव यांत थेट ११९ या कोरियातील आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा.

गोंधळ होतो तो चेहऱ्याच्या लकव्याबाबत. कोरियात हा आजार झाला की हानुईवॉन गाठण्याची प्रथा आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याच्या काढ्याला विमाही मिळतो, त्यामुळे लोक सकाळी आरशात वाकडे तोंड पाहून व्हिडिओ तपासणीची वेळ घेतात. असे करू नये. आधी तो पक्षाघात नाही, याची खात्री रुग्णालयात व्हायला हवी. शिवाय चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या साध्या लकव्यातही स्टिरॉइडची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर बरे होण्याची शक्यता वाढते, आणि ती गोळी हानुईसा लिहून देऊ शकत नाहीत (प्रश्न १). सुया आणि काढा त्यानंतर, हवे तर त्याच आठवड्यात, सुरू करता येतात.

१३. ॲक्युपंक्चरच्या जागा फोनवर सांगतील का? मी स्वतः सुया टोचू शकतो का?

सुया नाही, कधीच नाही. दाबायच्या जागा मात्र सांगतात. अंगठा व तर्जनी यांमधला मांसल भाग डोकेदुखीसाठी, मनगटाच्या आतल्या बाजूची जागा मळमळीसाठी, गुडघ्याखालची पचनासाठी. गरोदर स्त्रियांनी अंगठ्याजवळची जागा दाबू नये, असा परंपरेतच निषेध आहे.

१४. ॲपवरची प्रश्नावली भरून माझी प्रकृती कळेल का?

कोरियन वैद्यकातील चार प्रकृतींचा विचार ली जे-मा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला: तेयांग, सोयांग, तेउम आणि सोउम. वात-पित्त-कफाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे लगेच आपलेसे वाटते, आणि तिथेच घाई होते. दोन्ही वर्गीकरणे वेगळी आहेत. सोयांग म्हणजे पित्तप्रकृती, असे समीकरण मांडता येत नाही. प्रश्नावली दिशा दाखवते. पण डॉक्टर शरीराची ठेवण, आवाज, त्वचा आणि पूर्वी दिलेल्या औषधाला मिळालेला प्रतिसाद पाहून प्रकृती ठरवतात, आणि त्याला कधीकधी दोन-तीन भेटी लागतात. केवळ ॲपच्या निकालावरून आहारातून दूध, कोंबडी किंवा गहू कायमचे काढून टाकू नयेत.

१५. मी पुण्यात आहे. सोलच्या हानुईसाकडून व्हिडिओवर औषध घेऊ शकतो का?

सर्वसाधारण माहिती विचारण्यास अडचण नाही. औषधोपचाराचा प्रश्न वेगळा आहे. भारताची मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे भारतात नोंदणी झालेल्या डॉक्टरांसाठी आहेत आणि कोरियन वैद्यक भारतातील मान्य पद्धतींत नाही. काही चुकले तर दाद कुठे मागणार, याला उत्तर नाही. सुयांचा उपचार हवा असेल तर महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र राज्य कायदा आहे. त्याखाली नोंदणी झालेल्या व्यावसायिकाकडे जावे.

१६. कोरियातून सुट्टीवर येताना काढा किंवा गोंगजिंदान सोबत आणता येईल का?

काढ्याची पाकिटे द्रव असल्याने हाताच्या सामानात सहसा चालत नाहीत. चेक-इन सामानात ठेवताना दवाखान्याची इंग्रजी चिठ्ठी आणि द्रव्यांची यादी सोबत असावी. माह्वांग असलेला काढा आणूच नये. इफेड्रीन भारतात अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रित आहे.

गोंगजिंदान म्हणजे सोन्याचा वर्ख लावलेली गोळी. परीक्षार्थी आणि थकलेले कार्यालयीन कर्मचारी ती घेतात आणि भेट म्हणूनही देतात. मूळ पाठात तिच्यात कस्तुरी आणि हरणाचे शिंग असते. कस्तुरीमृग आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या साइट्स करारात आणि भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहे. परवान्याशिवाय अशी गोळी सीमेपार आणणे गुन्हा ठरू शकतो, मग ती कोरियात कितीही रीतसर विकत घेतलेली असो. कस्तुरीऐवजी अगरू घातलेले प्रकारही मिळतात, पण अगरूही साइट्सच्या यादीत आहे. वडिलांसाठी भेट म्हणून ही डबी आणण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. कोरियन लाल जिनसेंगचे कंपनीच्या वेष्टनातील, द्रव्ये छापलेले उत्पादन त्यापेक्षा सोयीचे. वडील वॉरफरिन घेत असतील तर मात्र तेही नको (प्रश्न १०).

१७. समोरची व्यक्ती खरी हानुईसा आहे, हे कसे ओळखावे?

आरोग्य विमा पुनरीक्षण व मूल्यांकन सेवा ही सरकारी संस्था आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक दवाखान्याचा पत्ता आणि तिथल्या डॉक्टरांची संख्या दाखवते. तिथे दवाखाना सापडला पाहिजे. हर्बल रस उकळून विकणारी ‘गनगांगवॉन’ नावाची दुकाने दवाखाने नव्हेत, आणि वनौषधींचे औषधविक्रेते डॉक्टर नव्हेत. दोघेही फोनवर आपुलकीने चौकशी करतात, त्यामुळे फरक कळत नाही. व्हिडिओ सुरू होताच डॉक्टरांचे नाव आणि परवाना क्रमांक विचारावा. खरे डॉक्टर तो सांगायला कचरत नाहीत. कोरियन भाषा पुरेशी येत नसेल तर हे दोन प्रश्न आधीच लिहून ठेवावेत आणि तपासणीला भाषा जाणणाऱ्या सहकाऱ्यापेक्षा मित्राला बसवावे, कारण कार्यालयातल्या माणसासमोर झोपेच्या आणि मनाच्या तक्रारी सांगणे अवघड जाते.